नाशिकमध्ये राहून प्लॅब २ ची तयारी: गंगापूर रोडच्या मॅडमकडची प्रॅक्टिस

प्लॅब २, म्हणजे युकेत डॉक्टर म्हणून रजिस्ट्रेशनसाठी द्यायच्या प्लॅब परीक्षेचा दुसरा, पेशंटशी बोलण्या-तपासण्याचा भाग, त्याची तयारी नाशिकमध्ये बसून होते का, हे मला सारखं कोणीतरी विचारत असतं, कोणी सिव्हिलचं इंटर्न असतं, कोणी जॉर्जिया नाहीतर किरगिझस्तानहून एमबीबीएस करून आलेलं असतं, आणि प्रत्येकाला तेच तेच व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करण्यापेक्षा म्हटलं एकदाच नीट लिहून ठेवावं. होते. सगळी नाही होत, पण जो भाग सगळ्यात अवघड आहे तो नक्की होतो, आणि मी तो गंगापूर रोडच्या एका डॉक्टर मॅडमकडे केला, त्या जागेबद्दल हे लिहितेय.

मॅडमचं खाली छोटं क्लिनिक आहे, गंगापूर रोडलाच, आणि वरच्या मजल्यावर एक हॉल आणि दोन खोल्या आहेत त्या प्रॅक्टिससाठी वापरतात. मॅडम बरीच वर्षं इंग्लंडमध्ये एनएचएसला, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत होत्या, सासूबाईंच्या आजारपणात नाशिकला आल्या आणि मग इथेच राहिल्या. बाहेर बोर्ड नाही, जाहिरात करत नाहीत, आणि नाव कुठे टाकू नकोस असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय म्हणून टाकत नाहीये, नाशिकच्या डॉक्टर लोकांच्या कुठल्याही ग्रुपमध्ये विचारलंत तरी नंबर मिळेल. शनिवार-रविवार दुपारी २ ते ६ असते प्रॅक्टिस, एका वेळी ८ जणांच्या वर घेत नाहीत, आणि हे मला फार आवडलं कारण ३० जणांच्या बॅचमध्ये तुमची पाळी येईपर्यंत संध्याकाळ होते.

ज्यांनी अजून काहीच वाचलेलं नाही त्यांच्यासाठी परीक्षेचं थोडक्यात सांगते. युकेच्या बाहेर एमबीबीएस केलेल्या डॉक्टरला युकेत रजिस्ट्रेशन हवं असेल तर बहुतेक जण जीएमसीची, म्हणजे तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलची प्लॅब देतात, त्याआधी इंग्लिशसाठी आयईएलटीएसला एकूण साडेसात आणि प्रत्येक भागात कमीत कमी ७, नाहीतर ओईटीला चारही भागांत बी ग्रेड. पहिला भाग १८० एमसीक्यूचा, ३ तासांचा, तो मुंबईत देता येतो आणि त्याची तयारी आपली पोरं व्यवस्थित करतात, एमसीक्यू सोडवायची सवय आपल्याला अकरावी-बारावीपासूनच लागलेली असते. दुसरा भाग फक्त मँचेस्टरला. १६ स्टेशन, म्हणजे एकेक वेगळा प्रसंग, प्रत्येक ८ मिनिटांचं, दाराबाहेरची माहिती वाचायला दीड मिनिट, मग आत जायचं, बहुतेक स्टेशनला समोर पेशंट म्हणून अ‍ॅक्टर बसलेला असतो आणि बाजूला एक्झामिनर, जो तुमचं बघून मार्क देत असतो. प्रत्येक स्टेशनला १२ मार्क, त्यातले ४ हिस्ट्री-तपासणीला, ४ मॅनेजमेंटला आणि ४ तुम्ही समोरच्या माणसाशी कसं बोललात-वागलात त्याला. म्हणजे एक तृतीयांश मार्क अशा गोष्टीला आहेत जी आपल्याला पाच वर्षांत कोणी धड शिकवलेली नसते. नुसत्या बेरजेवरही भागत नाही, ठराविक संख्येइतकी स्टेशन पास व्हावीच लागतात. पहिला भाग पास झाल्यापासून २ वर्षांच्या आत दुसरा पास व्हायला हवा, फी हजार पौंडांच्या आसपास, वर व्हिसा, विमानाचं तिकीट, राहणं. एवढा पैसा लावून तिथे जाऊन पहिल्यांदा अनोळखी माणसासमोर इंग्लिशमध्ये हिस्ट्री घ्यायची वेळ येऊ नये एवढंच माझं म्हणणं.

आमचे सीनियर अमेरिकेसाठी स्टेप २ सीएस ही अशीच पेशंट तपासण्याची परीक्षा द्यायचे, १२ पेशंट, प्रत्येकी १५ मिनिटं आणि मग १० मिनिटांत नोट लिहायची, ती परीक्षा २०२० मध्ये कोरोनामुळे थांबली आणि जानेवारी २०२१ मध्ये ती कायमची बंद केल्याचं जाहीर झालं. त्यामुळे बऱ्याच जणांचा समज झालाय की क्लिनिकल स्किल्सची परीक्षा हा प्रकारच आता जाणार. तसं काही नाहीये. ऑस्ट्रेलियाच्या मेडिकल कौन्सिलच्या, म्हणजे एएमसीच्या क्लिनिकल परीक्षेमध्ये पण १६ स्टेशन आहेत, २ मिनिटं वाचायला आणि ८ मिनिटं आत. आपल्याकडच्या एमबीबीएसच्या शेवटी ठरलेल्या नेक्स्ट परीक्षेच्या २०२३ च्या नियमांमध्ये सुद्धा स्टेप २ प्रॅक्टिकल आणि व्हायव्हाची आहे, ७ विषयांची, ती पुढे ढकलली गेली हे खरं पण कागदावर आहेच. कॉलेजात २०१९ च्या बॅचपासून एटकॉम आलंय, संवाद आणि एथिक्स शिकवायला, पण बहुतेक ठिकाणी मुलं त्या तासाला हजेरीपुरती बसतात आणि मागच्या बाकावर एमसीक्यूचं अ‍ॅप उघडतात. परदेशात शिकून आलेल्यांचं तर आणखी वेगळं, त्यांना इथे प्रॅक्टिससाठी द्यावी लागणारी एफएमजीई म्हणजे ३०० एमसीक्यू आणि १५० ला पास, त्यात पेशंटशी एक अक्षर बोलायचं नसतं.

आता मॅडमकडे वेगळं काय आहे ते.

प्लॅब २ ची तयारी सगळे कशी करतात तर नोट्स पाठ करायच्या आणि पार्टनर शोधून रात्री व्हिडिओ कॉलवर एकमेकांचे स्टेशन घ्यायचे, एक डॉक्टर होतो, एक पेशंट होतो. यात अडचण अशी की जो पेशंट झालाय तो पण डॉक्टरच आहे. त्याला माहितीये तुम्ही पुढे काय विचारणार, तो तुम्हाला दुखणं कुठे पसरतं आणि सोबत काय काय होतं ते ताटात वाढून देतो, तुम्ही जार्गन वापरलंत तरी त्याला खटकत नाही कारण त्याला ते कळतं, तुम्ही मध्येच तोडलंत तरी त्याला राग येत नाही. आपलाच पेपर आपणच सेट करून आपणच सोडवण्यासारखं आहे ते. दोन महिने असं करून तुम्हाला वाटायला लागतं की मला येतंय. फ्लो येतो, फक्त तो फ्लो समोर डॉक्टर बसलेला असेपर्यंतच टिकतो.

मॅडमकडे पेशंट डॉक्टर नसतात. हॉलमधल्या प्रॅक्टिसला एकही नाही, हा त्यांचा नियमच आहे. पेशंट म्हणजे नाशिकची हौशी नाटकवाली मंडळी, सायखेडकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेत काम केलेली, दोन रिटायर्ड शिक्षिका, एक एसटीतून रिटायर झालेले काका, एक बँकेतल्या काकू, कॉलेजात शिकणाऱ्या दोन-तीन मुली. प्रत्येकाला मॅडम एक कागद देतात, त्यात त्या माणसाचं नाव, वय, काम, घरी कोण, काय होतंय, कशाची भीती वाटतेय, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काय विचारल्याशिवाय सांगायचं नाही. आणि ही मंडळी खरंच सांगत नाहीत! एसटीवाले काका छातीत दुखणाऱ्या माणसाचं काम करतात, पहिलं वाक्य त्यांचं असं की मला काही नाही झालेलं, बायकोने जबरदस्तीने आणलं. इंग्लिश त्यांचं आपल्यासारखंच मोडकं-तोडकं पण ठाम. आता इथे तुम्ही पाठ केलेली सॉक्रेटिस नावाची प्रश्नांची यादी सुरू केलीत, कुठे दुखतं, कधीपासून, कसं दुखतं, तर काका नो, नॉट मच, ओके ओके, एवढंच बोलतात आणि ८ मिनिटं संपतात. ज्या मुलीने त्यांना विचारलं की तुमच्या मिसेस एवढ्या का काळजीत आहेत, तिला त्यांनी सगळं सांगितलं, जिना चढताना थांबावं लागतं, वडील याच वयात गेले, सगळं. तीच माहिती होती कागदावर, दार फक्त दुसरीकडून उघडत होतं.

आयसीई म्हणजे आयडियाज, कन्सर्न्स, एक्स्पेक्टेशन्स, हे तर प्लॅबवाल्या प्रत्येकाच्या नोट्समध्ये पहिल्या पानावर असतं आणि मुलं ते तसंच्या तसं विचारतात, डू यू हॅव एनी एक्स्पेक्टेशन्स, एका दमात, तिन्ही प्रश्न एकामागे एक. बँकेतल्या काकूंनी एकाला शांतपणे विचारलं, एक्स्पेक्टेशन्स कसल्या बाळा? त्याच्याकडे उत्तर नव्हतं कारण तो प्रश्न त्याने कोणाला विचारतोय असं समजून विचारलाच नव्हता, चेकलिस्ट होती ती. मॅडमनी त्यावर जवळजवळ अर्धा तास घेतला, बाकीची स्टेशनं बाजूला ठेवून. त्यांनी आम्हाला आधी मराठीत विचारायला लावलं. तुम्हाला स्वतःला काय वाटतं, कशामुळे होत असेल? सगळ्यात जास्त कशाची धास्ती वाटतेय? आज माझ्याकडे आलात तर काय झालं म्हणजे बरं वाटेल? मराठीत विचारताना आवाज आपोआप खाली येतो, आपण थांबतो, समोर बघतो. मग तेच त्याच आवाजात इंग्लिशमध्ये. मला वाटतं ही एक गोष्ट शिकायला सुद्धा तिथे जायला हरकत नाही, आणि मँचेस्टरच्या कुठल्याच क्लासमध्ये ही अशी शिकवता येणार नाही कारण तिथे मराठीतून सुरुवात करणारं कोणी नाही.

मी त्या दिवसांत दिंडोरी रोडच्या एका हॉस्पिटलला ओपीडी करायचे. द्राक्षाचा सीझन होता, एक बागायतदार आले, डोकं दुखतं, मळमळतं, झोप नाही, बीपी ठीक. एरवी दोन मिनिटांत गोळ्या लिहून झालं असतं. सहज विचारलं, दादा तुम्हाला काय वाटतं, कशाने होत असेल? म्हणाले फवारणी केली की त्याच संध्याकाळी होतं मॅडम, पण ते काय डॉक्टरला सांगायचं. मास्क न लावता, हातमोजे न घालता औषध मारत होते. ही हिस्ट्री मला दुसऱ्या कुठल्या प्रश्नाने मिळाली नसती. त्यामुळे जे लोक म्हणतात ना की ते इंटरपर्सनलचे ४ मार्क म्हणजे गोऱ्या लोकांचं गोड गोड बोलणं आहे, त्यांना माझं सांगणं आहे की एकदा आपल्याच ओपीडीत करून बघा.

सगळ्यात जड स्टेशन म्हणजे वाईट बातमी सांगायचं. याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण आपल्याकडचे बहुतेक जण इथेच अडकतात आणि त्याचं कारण नॉलेज नाहीये. आपल्याकडे बायोप्सीचा रिपोर्ट वाईट आला की काय होतं, पेशंट आत बेडवर असतो आणि डॉक्टर मुलाला नाहीतर जावयाला कॉरिडॉरमध्ये बोलावतात. आईला सांगू नका हं डॉक्टर, हे वाक्य इंटर्नशिप केलेल्या प्रत्येकाने ऐकलंय. म्हणजे आपण ती बातमी पेशंटला स्वतः दिलेलीच नसते कधी, दिली असली तरी नातेवाइकांच्या गराड्यात. आणि युकेत उलटं, ती माहिती पहिल्यांदा पेशंटची, तिच्या परवानगीशिवाय मुलाला सुद्धा सांगता येत नाही. त्यामुळे वाईट बातमी सांगायच्या स्पाइक्स पद्धतीच्या सहा पायऱ्या सगळ्यांना पाठ असतात पण खोलीत फक्त तुम्ही आणि ती बाई, मध्ये कोणी नाही, ही अवस्था नवीन असते.

आमच्या बॅचला मालेगावचा एक मुलगा होता, अतिशय हुशार, पहिल्या भागात उत्तम मार्क. शिक्षिका काकू पेशंट होत्या, आतड्याच्या कॅन्सरचा रिपोर्ट. त्याने सगळं बरोबर केलं, बसला नीट, त्यांना आधी काय माहितीये ते विचारलं, सावध करणारं वाक्य टाकलं, मग कॅन्सर हा शब्द स्पष्ट वापरला. काकू काहीच बोलल्या नाहीत. आणि ती शांतता त्याला सहन झाली नाही, तो बोलत सुटला, ऑपरेशन, किमो, स्टेज, स्कॅन, एमडीटी मीटिंग, स्पेशलिस्ट नर्स, सगळं बरोबर होतं, एक शब्द चुकीचा नव्हता. वेळ संपल्यावर मॅडमनी काकूंना विचारलं, तुम्हाला कसं वाटलं. काकू म्हणाल्या, कॅन्सर म्हणालास ना बाळा, त्याच्यापुढचं मला काहीच ऐकू नाही आलं.

मॅडम त्याला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तिथे गप्प बस. तिला काही बोलावंसं वाटेपर्यंत थांब, आणि ती विचारेल तेवढंच सांग, बाकीचं कागदावर दे आणि परत भेटायची वेळ दे. मग सगळ्यांना घड्याळ लावून नुसतं गप्प बसायला लावलं, समोरासमोर, एकमेकांकडे बघत. १० सेकंद सुद्धा केवढी मोठी असतात ते तेव्हा कळतं. आणि ८ मिनिटांच्या स्टेशनमध्ये १०-१५ सेकंद गप्प बसायला जागा असते, वेळ कमी पडेल ही भीती खोटी आहे, वेळ कमी पडतो तो आपण नको तेवढं बोलल्यामुळे. पुढच्या रविवारी त्याच मुलाने परत तेच स्टेशन केलं तेव्हा काकू खऱ्याच रडल्या, आणि नंतर म्हणाल्या की माझ्या घरात असा प्रसंग आला तर मला असा डॉक्टर चालेल. फीडबॅक म्हणतात तो हा.

फीडबॅकची पद्धत इथे वेगळीच आहे आणि मला ती सगळ्यात उपयोगी वाटली. स्टेशन झालं की आधी पेशंट बोलतो, मॅडम नंतर. पेशंटला मेडिसिन कळत नाही त्यामुळे तो फक्त वागण्याबद्दल बोलतो. तू माझ्याकडे बघितलंच नाहीस, कागदाकडे बघत होतीस. तू माझ्या पोटाला हात लावलास पण विचारलं नाहीस. तू आय अंडरस्टँड चार वेळा म्हणालास, मला एकदाही पटलं नाही. ही वाक्यं पार्टनरकडून कधी येत नाहीत, पार्टनर म्हणतो छान होतं, जरा टाइम मॅनेजमेंट बघ. त्यानंतर मॅडम मेडिकल भाग घेतात, रेड फ्लॅग म्हणजे धोक्याचं लक्षण कुठलं विचारायचं राहिलं, सेफ्टी नेट दिलं का, म्हणजे कधी परत यायचं आणि कधी थेट ९९९ ला, म्हणजे तिकडच्या इमर्जन्सी नंबरला फोन करायचा हे पेशंटला कळेल असं सांगितलं का, डोस बरोबर होता का. मोबाईलवर व्हिडिओ पण काढतात आणि तो फक्त तुम्हालाच पाठवतात, ग्रुपवर टाकत नाहीत. पेशंटची कामं करणाऱ्यांना मानधन देतात, फुकट राबवून घेत नाहीत, हे पण सांगायला हवं.

युकेच्या कायद्याची स्टेशनं मॅडम स्वतः तिथे राहिल्यामुळे फार चांगली घेतात. १५ वर्षांची मुलगी आईला न सांगता गर्भनिरोधक गोळ्या मागायला आलीये, हे स्टेशन आलं की आपल्यातले निम्मे जण पहिल्या मिनिटाला उपदेश सुरू करतात, मुलं पण आणि मुली पण. तिथे १९८५ च्या गिलिक केसपासून असं आहे की मुलीला सगळं समजत असेल तर ती स्वतः निर्णय घेऊ शकते, डॉक्टरने तिला आईला सांगायला प्रोत्साहन द्यायचं पण तिच्या मागे परस्पर सांगायचं नाही, आणि त्याच वेळी कोणी तिच्यावर जबरदस्ती तर करत नाहीये ना हे पण शोधायचं. पहिली फिट आलेला ड्रायव्हर, त्याला सांगायचं की साधी गाडी ६ महिने चालवता येणार नाही, डीव्हीएलएला, म्हणजे तिकडच्या लायसन्स खात्याला तुम्हीच कळवायचं, आणि त्याचं पोट त्याच गाडीवर आहे. चुकीचं औषध दिलं गेलं आणि आता नातेवाइकांची नाही तर पेशंटचीच माफी मागायची, स्पष्ट शब्दांत, हे आपल्याला फार जड जातं कारण आपल्याकडे सॉरी म्हटलं की केस होईल ही भीती असते, तिथे मोकळेपणाने सांगणं हीच ड्युटी आहे. फोनवरचं स्टेशन, रागावलेल्या आईचं स्टेशन, दारू सोडायची इच्छा नसलेल्या माणसाचं स्टेशन, हे सगळं होतं.

आता कमी काय आहे ते. मॅनिकिनची, म्हणजे सरावाच्या पुतळ्यांची बाजू अगदीच लंगडी आहे. सलाइन लावायला सरावाचा एक रबरी हात आहे तो इतक्या जणांनी टोचलाय की सुई आत गेली की फील काहीच येत नाही, कॅथेटरचं मॉडेल जुनं आहे, आणि स्पेक्युलम किंवा ब्रेस्ट तपासणीचं मॉडेल नाहीच. मँचेस्टरला असतो तसा बोलणारा, श्वास घेणारा, मॉनिटरला जोडलेला मॅनिकिन नाशिकच्या हॉलमध्ये असावा ही अपेक्षा मी करत नाही, पण एबीसीडीईचा, म्हणजे अत्यवस्थ पेशंटला ठराविक क्रमाने तपासायचा सराव नुसता बेडवर उशी ठेवून होत नाही. शॉकमधला पेशंट, ऑक्सिजन लाव, दोन लाइन टाक, रिअसेस कर, हे हातांना सवय होईपर्यंत करावं लागतं. मी मॅडमना हे तोंडावर बोललेय आणि त्यांनी ऐकून घेतलं, नवीन हात मागवायचा विचार आहे म्हणाल्या. तोपर्यंत या भागासाठी दुसरी सोय बघा, ज्यांचं स्वतःचं कॉलेज आहे त्यांनी तिथली स्किल लॅब वापरावी, आजकाल मेडिकल कॉलेजांत असतेच, एचओडींना लेखी विनंती केली की सहसा नाही म्हणत नाहीत.

दुसरी कमतरता उच्चारांची. नाशिकचे काका इंग्लिश बोलतात ते नाशिकचंच इंग्लिश असतं, आणि मँचेस्टरला समोरचा माणूस तिथल्या बोलीत भराभर बोलला तर पहिल्या स्टेशनला कान गोंधळतात. यासाठी रविवारी संध्याकाळी एक तास ऑनलाइन असतो, मॅडमच्या ओळखीची नाशिकचीच एक डॉक्टर तिकडे नोकरी करते, ती आणि तिची तिकडची मैत्रीण पेशंट होतात. चांगलं आहे पण एक तास फार कमी, आणि आठ जणांत प्रत्येकाला एकच स्टेशन मिळतं. याचं मी तरी रोज रेडिओ ऐकून भरून काढलं, बीबीसीचे फोन-इन कार्यक्रम, त्यात सामान्य माणसं बोलतात.

बाकी किरकोळ म्हणजे गाडी लावायला जागा नाही, त्यात २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू असल्यामुळे कुठला रस्ता कधी खोदलेला असेल सांगता येत नाही, त्यामुळे २ वाजताच्या बॅचला पावणेदोनला पोचायचं ठरवा. उशिरा आलेल्याला मॅडम पहिल्या राउंडला घेत नाहीत, आणि बरोबरच आहे, परीक्षेत पण कोणी थांबणार नाही. उन्हाळ्यात वरचा हॉल तापतो. चहा मात्र मस्त मिळतो, आलं घातलेला, आणि पेशंट मंडळी चहाच्या वेळी नाटकांच्या गप्पा मारतात त्या ऐकायला बसायला हरकत नाही, आवाज आणि थांबण्याबद्दल त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

पैशाचं बोलायचं तर एका दुपारचे ८०० रुपये, जेवढ्या वेळा जाल तेवढे द्यायचे, पूर्ण कोर्सची फी आधी भरा असला प्रकार नाही. इंटर्नना ५००. मँचेस्टरमधले कोर्स पौंडांत असतात आणि वर तिथे राहायचा खर्च, त्यामुळे माझा सल्ला असा की बोलण्याचा, हिस्ट्रीचा, काउन्सेलिंगचा भाग इथे पक्का करा आणि तिकडे परीक्षेच्या थोडं आधी जाऊन फक्त मॅनिकिन आणि एक-दोन फुल मॉक द्या. मी तसंच केलं आणि पास झाले, आणि माझ्या स्कोअरमध्ये इंटरपर्सनलचे मार्क सगळ्यात वरचे होते. महिनाभर तिकडे राहायची गरज मला तरी वाटली नाही, ज्यांचं इंग्लिश अजून अडखळतं त्यांना कदाचित लागेल.

कोणी जाऊ नये तेही सांगते. ज्यांनी अजून मेडिसिन-सर्जरीची उजळणी केलेली नाही त्यांनी लगेच जाऊ नका, तिथे विषय शिकवत नाहीत, तुमचे पैसे आणि तुमचा-पेशंट लोकांचा दोघांचा वेळ जाईल. कपड्यांचं पण, कोपराखाली हात मोकळे, घड्याळ काढून, हे पहिल्या दिवसापासून पाळायला लावतात, त्यावर तोंड वाकडं करणारे दोन-तीन जण मी पाहिलेत. आणि नोकरी लगेच मिळेल या आशेवर असाल तर मॅडमशी आधी बोला. त्या स्पष्ट सांगतात की सध्या तिकडे एका ज्युनियर पोस्टला खूप अर्ज येतात, पास झाल्यावर महिनोन्‌महिने घरी बसलेले लोक आहेत, कर्ज काढून जाणार असाल तर घरच्यांना हे सांगून जा. फी मिळवायची म्हणून कोणी हे बोलत नाही, त्या बोलतात, आणि माझ्या समोर दोन जणांना त्यांनी आत्ता नको, आधी इथे एमडीची सीट बघ असं सांगून परत पाठवलं.

जायचं असेल तर गुरुवारपर्यंत मॅडमना मेसेज टाका, कुठली परीक्षा, तारीख कधीची आहे आणि कुठली स्टेशनं जड जातात ते लिहा, त्यावरून त्या पेशंट ठरवतात. एएमसीवाल्यांना वेगळे कागद देतात, पण तशी मुलं कमी असतात त्यामुळे तीन-चार जण मिळून गेलात तर एक दुपार फक्त तुमच्यासाठी ठेवतील. गणपती आणि दिवाळीत बंद, आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत निम्मे पेशंट तालमीत असतात, त्या सुमाराची परीक्षेची तारीख असेल तर आधीच बोलून ठेवा.